महापालिकेची नोटीस: वाचावी कशी, पूर्तता करावी कशी आणि ती नोंदवावी कशी

आमच्या दादरच्या इमारतीच्या जिन्यात, वीजमीटरांच्या पेटीशेजारी, पावसाळ्यातल्या एका सकाळी महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची नोटीस चिकटवलेली होती. भिजून जाईल म्हणून रखवालदाराने ती जपून काढली आणि टेबलाच्या खणात ठेवली. ती माझ्या हातात येईपर्यंत अकरा दिवस उलटले होते, आणि नोटिशीत दिलेली मुदत सात दिवसांची होती. खरे तर गच्चीवरच्या टाकीचे फुटके झाकण आम्ही त्याच आठवड्यात बदलले होते, कारण तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्याने ते तोंडी सांगितले होते. परंतु झाकण बदलल्याचे कोणीही विभागाला लेखी कळवले नव्हते, त्यामुळे तेथील नोंदवहीत आमची इमारत पूर्तता न केलेल्यांमध्ये राहिली. पुढे संस्थेच्या वतीने न्यायालयात हजर राहून दंड भरावा लागला. त्यात विभागाची काहीच चूक नव्हती. त्यांच्यासमोर जो कागद होता, त्यावरूनच त्यांनी कारवाई केली.

गृहनिर्माण संस्थेची मानद सचिव म्हणून काम पाहताना त्यानंतर अशा अनेक नोटिसा हाताळल्या. नियम पाळणे आणि नियम पाळल्याचे संबंधित कार्यालयाच्या नोंदीत आणणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्ही मुदतीत झाली तरच कर्तव्य पुरे होते, हे त्यातून पक्के समजले. पुढील मार्गदर्शन मुंबईतील सदनिकाधारक, संस्थांचे पदाधिकारी, भाडेकरू आणि छोटे दुकानदार यांच्यासाठी आहे.

हे नियम येतात कोठून

मुंबईतील बहुतेक स्थानिक नियमांचे मूळ मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ या कायद्यात आहे. त्यातील कलम ४६१ ने महापालिकेला उपविधी करण्याचा अधिकार दिला असून, राज्य शासनाची मान्यता मिळाल्यावरच असे उपविधी अंमलात येतात. २००६ चे बृहन्मुंबईचे स्वच्छता व आरोग्यविषयक उपविधी हे त्याचे सर्वांना परिचित उदाहरण आहे. रस्त्यावर थुंकणे, कचरा टाकणे आणि उघड्यावर लघवी करणे यांसाठी त्यांत मुळात २०० रुपये, तर रस्त्यावर वाहन धुण्यासाठी १,००० रुपये दंड ठेवण्यात आला होता. असे दर वेळोवेळी बदलत असल्यामुळे जागेवर दंड मागितला गेल्यास छापील पावतीवर नियमभंगाचा प्रकार आणि रक्कम लिहून घ्यावी, आणि पावतीशिवाय कोणालाही रोख रक्कम देऊ नये. कोणी पावतीविना पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

काही बंधने उपविधींतून येत नाहीत, स्वतंत्र कायद्यांतून आणि नियमांतून येतात, तरी त्यांची अंमलबजावणी महापालिकाच करते. झाडाची फांदी छाटण्यासाठी लागणारी परवानगी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली उद्यान विभागाकडून घ्यावी लागते, आणि प्लास्टिकबंदी राज्य शासनाच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेतून आली आहे. हा फरक केवळ अभ्यासाचा नाही. नोटिशीवर जे कलम लिहिलेले असते त्यावरूनच मुदत किती, अधिकारी कोण आणि दाद कोठे मागायची हे ठरते.

येथे एका गोंधळाचा उल्लेख करणे आवश्यक वाटते, कारण मी तो सर्वसाधारण सभांमध्ये वारंवार पाहिला आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या अंतर्गत नियमांनाही आपण उपविधीच म्हणतो. ते नियम महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदवलेले असतात आणि सभासदांपुरते बंधनकारक असतात. महापालिकेचे नियम मात्र तिच्या हद्दीत राहणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या आणि नुसते येऊन जाणाऱ्या प्रत्येकाला लागू असतात. सर्व सभासदांनी आपापल्या गॅलऱ्या बंद करून घ्याव्यात असा ठराव सभेने एकमताने मंजूर केला, म्हणून तो महापालिकेच्या नोटिशीला उत्तर ठरत नाही. महापालिकेच्या परवानगीची जागा संस्थेचे ना हरकत पत्र कधीही घेऊ शकत नाही, आणि अनेक कुटुंबांना हे भिंत पाडायला माणसे आल्यावरच कळते.

नोटीस हातात आल्यावर पहिला तास

नोटीस घेण्यास नकार दिल्याने काहीही साध्य होत नाही. कायद्यानुसार ती प्रत्यक्ष हातात देता येते, घरातील व्यक्तीकडे सोपवता येते, टपालाने पाठवता येते किंवा इमारतीच्या ठळक भागावर चिकटवता येते, आणि ती रीतसर बजावली गेली की मुदत सुरू होते. म्हणून ती शांतपणे घ्यावी, स्वीकारताना सहीखाली तारीख व वेळ लिहावी, आणि चिकटवलेली असल्यास काढण्यापूर्वी तिचे आहे त्या जागी छायाचित्र घ्यावे. नोटीस तयार झाल्याची तारीख आणि ती आपल्याला मिळाल्याची तारीख यांत कधीकधी आठवड्याचे अंतर असते, आणि मुदत मोजताना या अंतराला फार महत्त्व येते.

त्यानंतर नोटीस दोनदा वाचावी. पहिल्या वाचनात मजकुराचा दम लागतो, कारण भाषा जड असते आणि फौजदारी कारवाईचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक नोटिशीत असतो. दुसऱ्या वाचनात पेन्सिलीने खुणा कराव्यात: कोणत्या कायद्याचे कोणते कलम, नोटीस कोणाच्या नावाने, नेमके काय करायला सांगितले आहे, किती दिवसांत, आणि सही कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याची. नोटीस ‘मालक’ यांच्या नावाने आहे की ‘भोगवटादार’ (जागा प्रत्यक्ष वापरणारे) यांच्या, हेही पाहावे. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाने केलेल्या कामाची नोटीस परदेशी असलेल्या मालकाच्या नावाने दारावर लागते आणि दोघेही ती दुसऱ्याची समजतात, असे होऊ देऊ नये. भाडेकरूने त्याच दिवशी मालकाला तिची प्रत पाठवावी आणि पाठवल्याचा पुरावा ठेवावा.

आमच्या संस्थेत आता रखवालदाराच्या टेबलावर एक आखीव वही आहे. कोणताही सरकारी कागद आला की त्याची तारीख, वेळ आणि कोणाकडे दिला हे तो लिहितो, आणि कागदाचा फोटो सचिव व अध्यक्ष या दोघांना त्याच क्षणी पाठवतो. या वहीला चाळीस रुपये पडले.

डासांच्या अळ्या आणि पाण्याची टाकी

पावसाळ्यात सर्वांत जास्त नोटिसा या विषयावर येतात आणि त्यांची पूर्तता सर्वांत सोपी असते, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य होईल. मलेरिया पसरवणारा ॲनाफेलिस स्टीफन्सी हा डास मुंबईत प्रामुख्याने विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांमध्ये वाढतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला कुंडीखालच्या बशीतले, फ्रीजमागच्या ट्रेमधले किंवा गच्चीवर टाकून दिलेल्या टायरमधले वाटीभर स्वच्छ पाणी पुरते. अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी कोरडी करण्याचा आग्रह धरला जातो. नुसते पाणी ओतून देणे मात्र अपुरे आहे. एडिसची अंडी पाण्याच्या पातळीच्या वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात, कोरड्या अवस्थेतही ती कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. त्यामुळे बशी, पिंप आणि बादली आतून ब्रशने घासूनच कोरडी करावी.

अळी ओळखणे अवघड नाही. टाकीचे झाकण हळूच उघडून बॅटरीचा झोत पाण्यावर तिरका टाकावा. पृष्ठभागाशी आडवी, पाण्याला समांतर पडलेली बारीक काडीसारखी अळी ॲनाफेलिसची असते. डोके खाली करून तिरपी लोंबकळणारी अळी एडिसची किंवा क्युलेक्सची असते. पाण्यावर सावली पडताच दोन्ही वळवळत तळाकडे जातात, आणि मिनिटभर स्थिर उभे राहिले की पुन्हा वर येतात. तपासणीस येणारे कर्मचारी हेच करतात, तेव्हा ते येण्यापूर्वी आपणच केलेले बरे.

टाकीबाबतच्या नोटिशीत सहसा तीन गोष्टी मागितलेल्या असतात. झाकण घट्ट बसणारे आणि फट नसलेले असावे; ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी असावी; आणि टाकीपर्यंत जाण्यासाठी पक्की, कायम बसवलेली शिडी असावी, म्हणजे कर्मचाऱ्याला जीव धोक्यात न घालता वर चढता येईल. शिडीचा आग्रह अनेकांना अनावश्यक वाटतो. आमच्या टाकीची जुनी शिडी बांबूची होती आणि तिच्या दोन पायऱ्या सुतळीने बांधलेल्या होत्या. पावसात त्यावरून रोज दहा इमारतींच्या टाक्यांवर चढणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला उभे करून पाहिल्यावर मला त्या अटीचा अर्थ कळला. झाकणावर प्लास्टिकचा कागद बांधून त्यावर वीट ठेवणे ही पूर्तता धरली जात नाही. कागदाच्या खळग्यात साचलेल्या पाण्यातच अळ्या होतात.

घरातले दुरुस्तीकाम

बांधकामाविषयीच्या नोटिसा अधिक गंभीर असतात, आणि त्या टाळण्याचा मार्ग काम सुरू होण्यापूर्वीच हाताशी असतो. अधिनियमाच्या कलम ३४२ मध्ये कोणत्या दुरुस्त्यांसाठी परवानगी लागत नाही हे स्पष्टपणे दिले आहे. गिलावा, रंगकाम, फरशा बदलणे, न्हाणीघर आणि शौचालयाची दुरुस्ती, नळ, सांडपाण्याचे पाइप व विजेची जोडणी बदलणे, तसेच छप्पर पूर्वीच्याच साहित्याने पुन्हा घालणे ही कामे राहण्यायोग्य स्थितीसाठीच्या दुरुस्तीत मोडतात. परंतु जागेची लांबी, रुंदी किंवा उंची बदलणे, भार वाहणारी भिंत, कॉलम, बीम किंवा स्लॅब यांना हात लावणे, जोते किंवा जमीन खाली घेणे, पोटमाळा नव्याने काढणे अथवा वाढवणे, आणि छपराचे साहित्य बदलणे ही कामे त्या सवलतीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी परवानाधारक वास्तुविशारदामार्फत महापालिकेची मंजुरी घ्यावी लागते.

व्यवहारात बहुतेक चुका स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधली भिंत काढताना होतात. जुन्या चाळींत आणि पहिल्या पिढीच्या इमारतींत नऊ इंची भिंत बहुधा वरच्या मजल्याचा भार पेलत असते, आणि अंतर्गत सजावट करणारा माणूस ‘ही साधी भिंत आहे’ असे सांगतो तेव्हा त्यासाठी जबाबदार राहण्याची त्याची तयारी नसते. भिंतीला हातोडा लावण्यापूर्वी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत घ्यावे आणि त्याची प्रत संस्थेकडे द्यावी. संस्थेनेही ते मत हाती आल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नये. त्या एका भिंतीवर वरच्या चार कुटुंबांचा संसार उभा असतो, आणि याबाबत मी कोणाचीही भीड बाळगत नाही.

काम चालू असताना कलम ३५४ अ खाली नोटीस आली तर ते त्याच क्षणी थांबवावे आणि परवानगीचे कागद २४ तासांत सादर करावेत. रात्री काम उरकून घेण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. तो सल्ला मानल्यास मूळ चुकीपेक्षा नोटिशीनंतरचे काम अधिक महाग पडते, कारण नियमितीकरणाच्या, म्हणजे झालेले काम नंतर मंजूर करून घेण्याच्या, अर्जाचा विचार होताना त्याची नोंद आपल्याविरुद्ध जाते. झालेल्या बांधकामासाठी कलम ३५१ ची नोटीस येते, आणि तिला सात दिवसांत पुराव्यानिशी लेखी उत्तर द्यावे लागते. काही नोटिसा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खालीही येतात. या तिन्ही प्रकारांत वकील आणि वास्तुविशारद या दोघांचा सल्ला पहिल्याच दिवशी घ्यावा, सातव्या दिवशी नाही.

निघालेला राडारोडा रात्री पदपथावर किंवा नाल्याच्या कडेला टाकणे हा स्वतंत्र नियमभंग आहे. महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ ही सेवा शुल्क घेऊन तो उचलते. कंत्राटदार ‘आम्ही लावतो विल्हेवाट’ म्हणाला तरी कोठे लावतो याची पावती मागावी.

तीस वर्षांपुढची इमारत

कलम ३५३ ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेऊन तिच्या स्थैर्याचे प्रमाणपत्र महापालिकेला सादर करणे बंधनकारक आहे. हे कर्तव्य नोटिशीची वाट पाहत नाही. अहवालानुसार इमारत चारपैकी एका वर्गात जाते: सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठ्या संरचनात्मक दुरुस्तीची गरज असलेली, सी-२ ब म्हणजे रिकामी न करता तशी दुरुस्ती करता येण्याजोगी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. दोन अभियंत्यांचे अहवाल परस्परविरोधी असतील तर ते महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात.

सी-१ ची नोटीस आल्यावर घर सोडावे लागणाऱ्या माणसाला मी केवळ ‘पूर्तता करा’ असे सांगू शकत नाही. त्याला भीती असते ती आपला हक्क कायमचा जाण्याची. म्हणून जागा रिकामी करण्यापूर्वी आपल्या ताब्यातील क्षेत्रफळाची महापालिकेकडून मोजणी करून घ्यावी, त्याचा दाखला मागावा, भाडेपावत्या, वीजबिले आणि शिधापत्रिका यांच्या प्रती इमारतीबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवाव्यात, आणि मगच किल्ली द्यावी. हे कागद हातात असतील तर बाहेर पडणे सोपे जाते, आणि धोकादायक इमारतीतून वेळेवर बाहेर पडण्याचे महत्त्व मुंबईत कोणत्याही पावसाळ्यात वेगळे सांगावे लागत नाही.

कचरा आणि दुकानाची पाटी

ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवणे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केले, आणि २० हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांनी ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करावी असा आग्रह महापालिकेने ऑक्टोबर २०१७ पासून धरला. अशी नोटीस आल्यास खताचा खड्डा किंवा यंत्र बसवल्याची छायाचित्रे, खरेदीची पावती आणि रोजच्या वजनाची नोंदवही जोडून उत्तर द्यावे.

दुकानदारांसाठी मराठी पाटीचा नियम महत्त्वाचा आहे. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीत मराठी नामफलक लावावा लागतो, मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. प्रकाशित पाटीसाठी महापालिकेचे वेगळे अनुज्ञापत्र लागते, याचा अनेकांना विसर पडतो.

नोटीस चुकीची वाटत असेल तर

चुकीची नोटीसही दुर्लक्ष करण्याजोगी नसते. शेजारच्या इमारतीचे काम आपल्या नावावर लिहिले जाऊ शकते, मंजूर नकाशात असलेला भाग अनधिकृत म्हटला जाऊ शकतो. अशा वेळी मुदतीच्या आत उत्तर द्यावे, त्यात कोणते विधान वस्तुस्थितीला धरून नाही हे एकेक मुद्दा घेऊन लिहावे, पुरावे जोडावेत आणि सुनावणीची मागणी स्पष्ट शब्दांत करावी. जुन्या बांधकामाच्या बाबतीत दोन तारखा पाठ असाव्यात: निवासी बांधकाम १७ एप्रिल १९६४ पूर्वीचे आणि व्यावसायिक बांधकाम १ एप्रिल १९६२ पूर्वीचे असल्याचे सिद्ध झाले, तर महापालिका ते ‘सहन केलेले’, म्हणजे पाडण्याची कारवाई न करण्याजोगे, बांधकाम मानते. त्यासाठी करनिर्धारण विभागातील जुन्या नोंदींचा उतारा सर्वांत उपयोगी पडतो. तो मिळण्यास वेळ लागतो, म्हणून नोटीस येण्याची वाट न पाहता आजच अर्ज करून ठेवावा. शेजाऱ्याची साक्ष किंवा जुने कौटुंबिक छायाचित्र जोडायला हरकत नाही, परंतु केवळ त्यावर विसंबू नये.

तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्याला ओळखपत्र विचारणे हा आपला अधिकार आहे आणि त्यात उद्धटपणा नाही. राहत्या घरात आपली संमती नसेल तर आगाऊ लेखी सूचना देऊन, आणि कायद्यात अन्यथा तरतूद नसल्यास सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेतच प्रवेश करता येतो. तरीही लपवण्यासारखे काही नसेल तर दार उघडावे, सोबत राहावे आणि काय पाहिले गेले याची आपण स्वतः टिपण ठेवावी.

पूर्ततेचे पत्र

पत्र लहान असावे. आमच्या संस्थेत वापरतो तो नमुना असा आहे:

प्रति,
मा. सहाय्यक आयुक्त,
…… विभाग कार्यालय, बृहन्मुंबई महानगरपालिका.

विषय: नोटीस क्रमांक …… ची पूर्तता केल्याबाबत.
संदर्भ: आपल्या …… विभागाची कलम …… अन्वये दिलेली, दिनांक …… ची व आम्हांस दिनांक …… रोजी मिळालेली नोटीस.

महोदय,
उपरोक्त नोटिशीत नमूद केल्याप्रमाणे आमच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीस घट्ट बसणारे झाकण, ओव्हरफ्लो पाइपास जाळी व लोखंडी शिडी दिनांक …… रोजी बसवण्यात आली आहे. कामापूर्वीची व कामानंतरची छायाचित्रे आणि साहित्याच्या पावतीची प्रत सोबत जोडली आहे. कृपया फेरतपासणी करून आपल्या नोंदीत पूर्तता झाल्याचे नमूद करावे व तसे आम्हांस लेखी कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
मानद सचिव

यातील ‘आम्हांस मिळालेली’ ही तारीख आणि फेरतपासणीची विनंती कधीही गाळू नये. काम मुदतीत पूर्ण होणे शक्य नसेल, उदाहरणार्थ अभियंता मिळत नसेल किंवा पावसामुळे गच्चीवर काम करता येत नसेल, तर झालेले काम, उरलेले काम आणि वाढीव मुदतीची नेमकी तारीख लिहून तसे पत्र मूळ मुदत संपण्यापूर्वी द्यावे. मुदत संपल्यावर दिलेल्या अशा पत्राला फारच कमी वजन उरते.

पत्राच्या दोन प्रती घेऊन विभाग कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत जावे. एक प्रत तेथे द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. शिक्का पुसट उमटला तर पुन्हा मारून मागावा; आवक क्रमांक वाचता येत नसेल तर त्या पोहोचेचा उपयोग होत नाही. मग आठवड्याने संबंधित विभागात जाऊन फेरतपासणी झाली का हे विचारावे. दोन-तीन खेपांनंतरही उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करून आपल्या नोटिशीवर पुढे काय कार्यवाही झाली याची प्रत मागता येते, आणि तिचे उत्तर तीस दिवसांत देणे कार्यालयावर बंधनकारक आहे.

नियम दुसऱ्याने मोडला असेल तर

तक्रार करण्याआधी शक्य तेथे त्या माणसाशी बोलावे. ‘दादा, तुमच्या कुंड्यांखाली पाणी साचतंय, खाली आमच्याकडे लहान मूल आहे’ एवढे सांगितल्यावर दहांतले सात जण त्याच संध्याकाळी बशा उलट्या करतात. बोलून काम झाले नाही तर १९१६ या क्रमांकावर किंवा विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. तक्रारीत पूर्ण पत्ता, मजला, नेमकी जागा, दिवस आणि वेळ असावी; ‘आमच्या गल्लीत फार घाण असते’ अशा तक्रारीवर कोणताही अधिकारी कलम लावू शकत नाही. ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत २००० चे ध्वनिप्रदूषण नियम लागू होतात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत त्यावर बंदी असते, आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे; परंतु ही तक्रार पोलिसांकडे करायची असते, विभाग कार्यालयाकडे नाही.

संस्थेच्या व्यवस्थापक समितीची मुदत पाच वर्षांची असते आणि जुन्या नोटिसांची माहिती बहुधा जुन्या सचिवांबरोबरच निघून जाते. म्हणून सर्व नोटिसा, त्यांची उत्तरे, पोहोच आणि फेरतपासणीची पत्रे एकाच फाइलमध्ये तारखेनुसार लावावीत, हस्तांतराच्या यादीत तिची स्वतंत्र नोंद करावी, आणि कारभार सोपवण्याच्या दिवशी नव्या सचिवांना गच्चीवर नेऊन टाकीचे झाकण एकदा उघडून दाखवावे.